हितेंद्रची जागा

"ज्याले तुम्ही कधी खेयू दिलं नही, त्याच्या नावाचे सामने कायले भरवता रे?" मैदानात पाऊल टाकताच उखर्डू आबांनी तोफ डागली.

ललितच्या हातातला हार हातातच राहिला. त्याचा जिवाभावाचा मित्र हितेंद्र गेल्या पावसाळ्यात काविळीनं गेला. वय सव्वीस. त्याच्या आठवणीत मित्रांनी जळगावात बेसबॉलचे सामने ठेवले होते आणि बोदवडकडच्या खेड्यातून त्याच्या वडिलांना, उखर्डू आबांना, मुद्दाम बोलावलं होतं. म्हातारा रडेल हे पोरांनी धरून ठेवलं होतं. भांडेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"आबा, तो तर आमच्या संघाचा जीव होता."

"मले नको शिकवू. माह्या डोयानं पाह्यलं मी. बाकीचे सारे उभे अन् त्याले एकट्याले बसाडेल व्हतं."

पाहिलं होतं, हे खरंच. चार वर्षांपूर्वी हितेंद्रनंच हौसेनं बोलावलं, म्हणून आबा कपाशीची फवारणी टाकून आले होते. येऊन पाहतात तर काय, बाकीची पोरं ऐटीत उभी आणि आपला पोरगा धुळीत उकिडवा बसलेला. बैलाला मुसकं बांधावं तशी तोंडावर जाळी. एक जण चेंडू फेकतोय, दुसरा दांडा फिरवतोय, आणि हुकलेला चेंडू परत द्यायला हा. खेड्यातलं पोर बघून याला चेंडू गोळा करायला ठेवलंय, असं आबांच्या मनानं घेतलं. वावरात ज्याला काम जमत नाही त्यालाच तर बांधावर बसवतात. ते तसेच अर्ध्या सामन्यातून उठून गावच्या गाडीत बसले. संध्याकाळी पोरगा जेवायला बसला तेव्हा म्हणाले, "बसालेच जातं, त वावरात बस ना. पाखरं तरी हाकलशीन."

हितेंद्र नुसता हसला. त्यानंतर त्यानं आबांना कधी सामन्याला बोलावलं नाही, आणि आबांनीही कधी विचारलं नाही.

आबांचा गैरसमज ललितच्या आता लक्षात आला. त्यानं हार बाजूला ठेवला आणि आबांचा हात धरून त्यांना मैदानात नेलं.

"हे बघा आबा. तिथून चेंडू फेकतो तो पिचर. म्हणजे मी. मारणारा इथं उभा राहतो. चेंडू लागला की बॅट इथंच टाकायची आणि पळत सुटायचं."

"दांडा हातात धरून पयत नही?"

"नाही, हे क्रिकेट नाही. पहिला बेस, म्हणजे थांबा, मग दुसरा, तिसरा, आणि फिरून इथंच. असा फेरा पुरा झाला की एक रन. चांगले तीन चेंडू हुकले, तर मारणारा बाद. तिघं बाद झाले की त्यांची पाळी संपली, आपली आली."

"अन् पोऱ्हं किती?"

"नऊ. आठ जण पुढं पसरलेले, त्यांची तोंडं इकडं. नववा मारणाऱ्याच्या मागं बसतो, तो कॅचर. त्याचं एकट्याचं तोंड तिकडं. अख्खं मैदान फक्त त्याला दिसतं. कुठला चेंडू टाकायचा ते हितेंद्र मला बोटांनी खुणावायचा. कुणी कुठं सरकायचं तेही तोच सांगायचा. आपल्या मनानं मी एक चेंडू फेकला नाही, आबा."

आबा जमिनीकडे बघत राहिले. "म्हंजे त्याले बसाडेल नव्हतं?"

"तो बसल्याशिवाय आमचा खेळ सुरूच व्हायचा नाही."

"मंग त्यानं मले सांगितलं काबरं नही?"

ललित क्षणभर घुटमळला. सांगावं की नको, असं त्याला झालं. "त्या दिवशी तुम्ही भिंतीपाशी दिसलात, तेव्हा तो मला ओरडून म्हणाला होता, आबा आले. थोड्या वेळानं पाहिलं तर तुम्ही नव्हतात. तर म्हणाला, आबांना ऊन लागलं असेल."

आपण केवढं मोठं पाप केलं, हे आबांना त्या मोकळ्या मैदानात कळलं, आणि माफी मागायला आता कुणी उरलं नव्हतं.

शिट्टी झाली. दोन्ही संघ उतरले. हितेंद्रच्या जागी भुसावळचा गिरधर जाळी लावून बसला. पाहुण्यांच्या मंडपातून कुणी तरी आबांना हाका मारत होतं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. गिरधरच्या मागे लोखंडी जाळीचं कुंपण होतं. आबा वळसा घालून त्याच्या पलीकडे गेले आणि बरोबर गिरधरच्या पाठीमागे दोन्ही पायांवर उकिडवे बसले.

समोर आठ पोरं पसरली होती. ललितनं चेंडू हातमोज्यात घेतला आणि खुणेची वाट बघत इकडे नजर लावली. आठही जण इकडेच बघत होते. त्या नजरांपुढे आबांना मान वर ठेवता आली नाही.