उंबरटेकच्या भिंतीचा ओळंबा

मी ओळंबा बोलतोय. गवंड्याच्या हातातल्या दोरीला लोंबताना तुम्ही मला पाहिलं असेल. भिंत सरळ आहे की कललेली, एवढंच मला कळतं. आणि मी चिडलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे आवाज चढला तर नवल वाटायला नको.

माझा जन्म माधवनगरचा. तिथल्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये हुसेन मुल्ला नावाचे टर्नर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घराच्या पडवीत जुनं लेथ मशीन मांडलं. १९९१ साली सांगलीतल्या इंजिनियर मंडळींनी 'कृष्णा-कोयना अभियंता मित्रमंडळ' काढलं आणि दर शनिवारी गवंड्यांसाठी मोफत वर्ग सुरू केला. त्या वर्गासाठी हुसेनभाईंनी सहा ओळंबे करून दिले. पाच लोखंडी, मी एकटा पितळी.

वर्ग चालवणाऱ्या होत्या प्रमोदिनी कारखानीस. मूळच्या साताऱ्याच्या, सांगलीत पॉलिटेक्निकला शिकवायच्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या, आवाज मऊ, पण खडू हातात आला की वर्गात कुणी चुळबुळ करत नसे. हुसेनभाईंनी मला त्यांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "ताई, पितळ हाय, गंजायचं न्हाई. दोरी मातर दर वर्साला बदला."

मंडळातली माणसं वाईट नव्हती. पुरानंतर गाळात उतरून विहिरी तपासायची, शाळेत जाऊन मुलांना पूल कसा बांधतात ते दाखवायची. अभियंता दिनाला मात्र त्यांना शाल, श्रीफळ आणि फोटो लागायचा. तेवढं मी समजून घेत होतो.

किल्लारीच्या भूकंपानंतर सगळं बदललं. कोयनेकडची जमीन तर तशीही सारखी हलणारी. लोक विचारू लागले, आमच्या शाळेचं काय? मंडळानं ठरवलं, पाटणपासून कोयनानगरच्या रस्त्यालगतच्या अकरा शाळा स्वखुशीनं तपासायच्या. पाहणीची प्रमुख म्हणून प्रमोदिनीताईंचं नाव लागलं आणि मी त्यांच्या कापडी पिशवीत शिरलो.

चार रविवार आम्ही घाट चढलो-उतरलो. रीत साधी होती. माझ्या दोरीच्या वरच्या टोकाला माझ्याच जाडीचा लाकडी ठोकळा. शिडीवर चढून ठोकळा भिंतीच्या माथ्याला लावायचा आणि मला खाली सोडायचं. मी तळाशी भिंतीला जेमतेम शिवलो, तर भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ. मी भिंतीपासून लांब राहिलो, तर भिंत बाहेर झुकलेली.

अकरापैकी नऊ शाळा बऱ्या निघाल्या. मेटवाडीच्या भिंतीला पोट सुटलं होतं आणि ती सव्वादोन इंच बाहेर होती. उंबरटेकला मी थांबलो तेव्हा माझ्यात आणि भिंतीत तीन इंचांची फट होती. दगडमातीची जुनी भिंत, आणि तिच्या डोक्यावर तीन वर्षांपूर्वी घातलेला सिमेंटचा जड स्लॅब.

"हा स्लॅब कुणी घालायला सांगितला?" ताईंनी विचारलं.

उंबरटेकच्या बालवाडीच्या शिक्षिका सुलाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी पेटीतून नकाशा आणून दिला. "ह्यो कागुद हाय बगा. आमाला सांगितलं, आता पत्रा उडायची भीती न्हाई."

नकाशाच्या कोपऱ्यात सही होती गोपाळकृष्ण सोहनी यांची. सोहनी म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. ताईंनी नकाशाची नीट घडी घातली आणि परत दिला. सुलाबाईंना काहीच बोलल्या नाहीत.

सांगलीला येऊन त्यांनी अहवाल लिहिला. मेटवाडी आणि उंबरटेक, दोन्हींपुढे एकच वाक्य: 'इमारत धोकादायक, मुलांना आत बसवू नये.' दोन दिवसांनी सोहनींनी त्यांना मंडळाच्या विश्रामबागच्या कार्यालयात बोलावलं. मी टेबलावरच होतो.

"प्रमोदिनीताई, भाषा जरा जपून वापरायला हवी. लोक घाबरतील."

"घाबरायलाच हवं, सर."

"आपण मित्रमंडळ आहोत, न्यायालय नाही. असं लिहिलं तर उद्या आपल्याला कुणी कुठल्या इमारतीत पाऊल ठेवू देणार नाही. मी 'डागडुजी आवश्यक' असं केलंय. त्यानं निदान दुरुस्ती तरी मंजूर होईल."

त्या नकाशावर कुणाची सही आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. टाइप केलेला नवा कागद पुढे आला, आणि ताईंनी सही केली.

होय, केली. माझा पहिला राग त्यांच्यावरच आहे. तीन इंच म्हणजे तीन इंच. मी ते शब्दांत सांगितलं नव्हतं, त्यांच्या डोळ्यांदेखत भिंतीपासून लांब राहून सांगितलं होतं. शिकलेल्या माणसाला सही करताना 'निदान' हा शब्द फार उपयोगी पडतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

पण ती सही त्यांना पचेना. वर्गात फळ्यावर भिंत काढता काढता थांबायच्या. आठवडाभरानं रविवारी त्यांनी कुणाला न सांगता मला पिशवीत टाकलं आणि कराडची एसटी पकडली. कराडहून दुसरी गाडी आणि पुढे पायवाट. मेटवाडीत पोहोचायला दुपार झाली. तिथल्या नाथाजी गुरुजींना त्यांनी गाव गोळा करायला सांगितलं आणि सगळ्यांसमोर मला भिंतीवरून सोडलं.

"ही दोरी सरळ आहे. आता भिंत बघा," त्या म्हणाल्या.

माणसं पुढे झाली. कुणी बोट घातलं, कुणी काडी घालून बघितली. बनुबाई नावाच्या म्हातारीनं वाकून ती फट बघितली. तिची दोन नातवंडं त्या शाळेत होती.

"आवं, मग गुर्जींकडं आलेल्या त्या कागदात डागडुजी कशापायी लिवलंय?" तिनं विचारलं.

"चूक झाली. माझी सही आहे त्यावर. कागद बाजूला ठेवा. मुलांना आत बसवू नका."

सोमवारपासून मेटवाडीची शाळा भैरोबाच्या देवळात भरू लागली. एका दोरीनं आणि एका खऱ्या वाक्यानं एवढं झालं.

उंबरटेक तिथून पाच मैल वर. शेवटची गाडी चुकेल म्हणून ताई त्या दिवशी परत फिरल्या. पुढच्या रविवारी जायचं ठरवलं. पण पुढच्या रविवारी मंडळाचा वर्धापनदिन होता आणि सूत्रसंचालन त्यांच्याकडे होतं. सोहनींनी खास आग्रह केला होता. ताईंनी पाहुण्यांची ओळख करून दिली, समई लावली, आभार मानले. लोकांनी बटाटेवडे खाल्ले. मी कपाटात होतो.

चार दिवसांनी, गुरुवारी, जमीन हलली. फार मोठा धक्का नव्हता. सांगलीत भांडी वाजली, एवढंच. उंबरटेकला मधली सुट्टी होती, मुलं बाहेर खेळत होती. सुलाबाई आत फळा पुसत होत्या. भिंत बाहेर गेली आणि स्लॅबचा कोपरा खाली बसला. गावकऱ्यांनी पहारीनं दगड उचलून त्यांना बाहेर काढलं. कराडच्या दवाखान्यात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

ताई तिथे गेल्या तेव्हा मी पिशवीत होतो. सुलाबाई खाटेवर टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. त्यांनी ताईंना ओळखलं.

"तुमीच आल्ता न्हवं शाळा बगायला? भिंतीला दोरी सोडली हुती. मी बाजूलाच हुबी हुते. तवाच का बोलला न्हाईत?"

"लिहिलं होतं मी. मग बदलू दिलं."

"कुणाला?"

ताईंनी नाव सांगितलं. नकाशावरची सहीही सांगितली. सुलाबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "लिवलं म्हंजी काय सांगितलं व्हतंय? मी हुते तितं. मला सांगायचं हुतं."



पुढच्या आठवड्यात मंडळाची सभा झाली. सोहनी उठून म्हणाले, "घटना दुःखद आहे. मात्र आपण डागडुजीची शिफारस वेळेवर केली होती, याची इतिवृत्तात नोंद व्हावी."

प्रमोदिनीताई उभ्या राहिल्या. त्यांनी पाहणीची वही उघडली आणि उंबरटेकचं पान वाचून दाखवलं. तारीख, उंची, तीन इंच. मग स्वतःचं मूळ वाक्य. मग ते कुणी बदललं, आणि स्लॅबचा नकाशा कुणाच्या सहीचा होता ते.

"बदललेल्या कागदावर सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "ती खोटी सही आहे, हीही नोंद करा."

सोहनी म्हणाले, "तुम्ही फार भावनेच्या भरात बोलता आहात."

"भिंत तीन इंच कलली होती, सर. यात भावना कुठे आहे?"

त्या खोलीत बावीस इंजिनियर बसले होते. ओळंब्याचं माप म्हणजे काय, ते बाविसांनाही समजत होतं. कुणी कपातला चहा ढवळत राहिला, कुणी पंख्याकडे पाहिलं. शेवटी एकानं सुचवलं, विषय पुढच्या सभेत घ्यावा. बाकीच्यांनी माना हलवल्या. माझा दुसरा राग या बाविसांवर आहे. सोहनींवर आहे त्याहून जास्त आहे. सोहनींना निदान लपवायचं काहीतरी होतं.

ताईंनी मला उचललं आणि त्या बाहेर पडल्या. राजीनामा पोस्टानं पाठवला.

त्यानंतरचे रविवार वेगळे होते. नाथाजी गुरुजी सोबत यायचे, कधी हुसेनभाई. आता अहवाल वगैरे काही नाही. गाव जमवायचं, मला सोडायचं, माप मोठ्यानं वाचायचं आणि तिथल्या तिथे त्याच भिंतीवर गेरूनं लिहायचं: किती इंच, तारीख, आणि खाली 'प्रमोदिनी कारखानीस'. पुसायचं झालं तर गावासमोर पुसावं लागेल, असं त्या म्हणायच्या.

एका साहेबांनी त्यांना नोटीस पाठवली, सार्वजनिक भिंत विद्रूप केली म्हणून. ताईंनी कळवलं, अक्षरं मी येऊन पुसते, भिंत तुम्ही सरळ करा. पुन्हा पत्र आलं नाही. पण गेरूनं लिहिलेली भिंत येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत राहिली, लोक विचारत राहिले, आणि दोन वर्षांत मेटवाडीला नवी शाळा झाली. उंबरटेकलाही झाली, विटांची, वर हलका पत्रा.

आणि सोहनी? त्याच दोन वर्षांत त्यांचा सत्कार झाला. 'भूकंपप्रवण भागातील निरपेक्ष कार्याबद्दल.' शाल, श्रीफळ, फोटो. उंबरटेकचं नाव भाषणात तीनदा आलं. सुलाबाईंचं एकदाही नाही. हे सांगतानाही मला दोरीला स्थिर राहवत नाही.

उंबरटेकची नवी शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ताई मला घेऊन गेल्या. सुलाबाई कुबडी घेऊन दारात उभ्या होत्या. बालवाडी पुन्हा त्यांच्याकडेच आली होती. ताई शिडीवर चढल्या, मला सोडलं. मी हललो, हळूहळू थांबलो आणि विटेला अलगद शिवलो.

"लागली का?" सुलाबाईंनी विचारलं.

"लागली. भिंत सरळ आहे."

"थांबा. मला बगू द्या."

त्यांनी कुबडी भिंतीला टेकवली, एका पायावर तोल सांभाळत खाली बसल्या आणि माझ्यात आणि विटेत नख घालून बघितलं. नख गेलं नाही. मग दुसऱ्या कोपऱ्यावर लावायला सांगितलं. मग तिसऱ्या. मग चौथ्या. ताई शिडी उचलून फिरत राहिल्या. चारही कोपरे झाल्यावर सुलाबाई उठल्या.

"बसवते पोरं," एवढंच म्हणाल्या.

आज १९९८ साल आहे. मंडळाच्या सामानाच्या यादीत माझ्यापुढे 'गहाळ' असं लिहिलंय. लिहू द्या. मी ताईंच्या पिशवीत आहे, माझी दोरी यंदाच बदलली आहे, आणि उद्या आम्ही ढेबेवाडीकडे निघालोय.

तुम्हाला एकच मागतो. इंजिनियर तुमच्या शाळेत आला की कोपऱ्यात हात बांधून उभे राहू नका. त्यानं काय लिहिलं ते नंतर विचारू नका. काय दिसलं ते तिथेच, त्याच्या तोंडून ऐका. आणि त्यानं भिंत सरळ आहे म्हटलं, तरी खाली बसा आणि नख घालून बघा.