फलाटाच्या टोकाचा सिग्नल

सासऱ्यांनी आपल्या खोलीची किल्ली जावयाच्या हाती दिली, तेव्हा लग्नाला सहा वर्षे झाली होती. मुलगी द्यायला त्यांनी सहाच महिने घेतले होते. यावरून त्या खोलीचे मोल ओळखावे. आत एका लांबलचक टेबलावर इवलेसे रेल्वेस्थानक उभे होते: फलाट, पाण्याची टाकी, नखाएवढे प्रवासी. तीस वर्षे रेल्वेचे सिग्नल सांभाळलेल्या माणसाने निवृत्तीनंतर तेच आयुष्य लहान मापात पुन्हा बांधायला काढले होते.

"वारा सुटला तर खिडकी लावा. बाकी कशाला हात लावू नका," एवढे बजावून सासरे सकाळीच मित्राकडे गेले. संध्याकाळी सहाला त्यांची सगळी मंडळी हे स्थानक पाहायला यायची होती.

जावई आधुनिक कवितेचा पदवीधर आणि शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रितशोधक. सासरी त्याला 'कवी' म्हणत. त्यात कौतुक किती, हे तपासण्याचे धाडस त्याने कधी केले नव्हते. वारा काही सुटला नाही. तरीही तो खोलीत गेला, तेही सँडविचची बशी घेऊन. निर्मनुष्य रुळांकडे पाहत खाल्ले तर विरहाची एखादी ओळ सुचेल, अशी त्याची अटकळ. ओळ सुचली नाही, कोपर तेवढे लागले. फलाटाच्या टोकाचा जुन्या धाटणीचा, हात वर-खाली होणारा सिग्नल मधोमध मोडला आणि त्याचा लाल हात सँडविचच्या लोण्यात रुतून बसला.

बायको दारात उभी होती. "बाबांनी पहिल्यांदा विश्वास टाकला," ती म्हणाली, "आणि तू त्याला लोणी फासलंस."

"नवा आणतो ना. एवढ्या मोठ्या शहरात एक सिग्नल मिळणार नाही?"

"तीन महिने झाले तुला इथे येऊन. अजून न्हावी सापडलेला नाही."

मोडके तुकडे रुमालात बांधून कवी निघाला. कागदवाल्याने त्याला खेळण्यांच्या दुकानात धाडले, खेळणीवाल्याने विजेच्या सामानवाल्याकडे. तिथल्या माणसाने रुमालात डोकावून हळुवारपणे विचारले, "घरी लहान मूल आहे का?"

"नाही," कवी म्हणाला, "मीच आहे."

पूल ओलांडेपर्यंत पोटात कावळे ओरडू लागले. या शहराचे दोन भाग नदीने पाडले असले, तरी ते राखले होते सँडविचने. अलीकडे पाव कच्चा, कडा छाटलेला, तिरका चिरून त्रिकोणी. पलीकडे तोच पाव कडांसकट तव्यावर दाबून, पार खरपूस करून, आडवा चिरलेला. दोन्हीकडची माणसे एकमेकांच्या सँडविचला आजाऱ्याचे अन्न नाहीतर जळका पाव म्हणत. कवी तिसऱ्याच गावचा. त्याच्या गावी सँडविच चिरतच नसत, आणि हाच सौंदर्याचा अंतिम नियम, असे त्याचे ठाम मत होते.

"एक द्या, ताई. पण चिरू नका."

गाडीवरच्या बाईने सुरी खाली ठेवली. "मग खाणार कसं? अजगरासारखं?"

रांगेत हशा पिकला.

"चिरलं की आतल्या एकसंधतेला तडा जातो," कवी म्हणाला.

"कशाला?"

"काही नाही. चिरा."

"आणि रुमालात काय? दात पडला?"

त्याने गाठ सोडून दाखवले. तिने मान डोलावली. "हे आगगाडीवाल्या काकांकडचं काम. मागच्या गल्लीत, शिंप्याच्या वर. पाटी शोधू नका. पाटी लावली की नुसते बघे येतात, म्हणतात. आधी खाऊन घ्या. कडा टाकायच्या नाहीत हं!"

त्याने कडांसकट खाल्ले. आपल्या गावच्यापेक्षा हे चांगले लागते, हे कळताच त्याला फितूर झाल्यासारखे वाटले.

शिंप्याच्या वरची खोली छतापर्यंत खोक्यांनी भरली होती. डोळ्याला भिंग लावलेल्या काकांनी मोडका हात उजेडात धरला, हुंगला आणि म्हणाले, "हे बाजारात मिळत नाही. एकच माणूस बनवतो, रेल्वेतून निवृत्त झालेला. माझ्याकडचे ते चारही त्यांचेच."

काचेच्या कपाटात चार सिग्नल उभे होते. कवीला स्वर्ग दोन बोटे उरला.

"मग त्यातला एक द्या!"

"देतो की. पण त्या चौघांचा हात डावीकडे आहे, तुमच्याचा उजवीकडे. तुम्ही म्हणाल, कोण बघतंय! तीस वर्षं ते हात बघत ज्यानं काढली, तो बघेल." काकांनी भिंग काढले. "तुम्ही त्यांचे कोण?"

"जावई."

"म्हणजे ते कवी! तुम्हाला किल्ली देतोय म्हणाले परवा. मी म्हटलं, घाई करताय."

कवीने कपाटाकडे पाहिले. मंडळींना कळले नसते. बायकोलाही कदाचित नाही. मग त्याने जिन्यात जाऊन फोन लावला. वाटेत जुळवलेली क्षणभंगुरतेवरची तीन वाक्ये घशातच विरली.

"बाबा, वारा सुटला नव्हता."

"काय मोडलं?"

"फलाटाच्या टोकाचा सिग्नल. माझं कोपर लागलं."

"खांब की हात?"

"दोन्ही."

"लपवणार होतात?"

"दहा मिनिटांपूर्वीपर्यंत."

कवीने किल्ली खिशातून काढून मुठीत धरली, जणू ती फोनमधूनच परत मागितली जाणार होती.

"माझा हात थरथरतो हल्ली," सासरे म्हणाले. "तो सिग्नल बसवताना दोनदा पडला माझ्याकडूनच. म्हणून तर किल्ली दिली तुम्हाला. मदतीला या असं तोंडानं म्हणवेना. चार वाजता बसू. चिमटा तुम्ही धरायचा. येताना तार आणा, पितळी, अर्ध्या मिलिमीटरची."

कवी परत वर गेला आणि त्याने तार मागितली. काकांनी विचारले, "कसली तार?"

"पितळी. अर्ध्या मिलिमीटरची," तो म्हणाला, आणि त्याला एकही उपमा सुचली नाही.