पहिली वाचणारी

"खोकला कसा आहे त्यांचा?"

खिडकीपलीकडच्या बाईने इतक्या सहज विचारलं, की अलीकडे उभ्या असलेल्या तिच्या तोंडून "आता बरा आहे" निघूनसुद्धा गेलं. मग तिची जीभ दाताखाली आली. नवऱ्याला उचलून नेल्याला अकरा दिवस झाले होते. धुतलेले कपडे घेऊन ती या कचेरीत तिसऱ्यांदा आली होती. औषधाची बाटली पिशवीत अगदी तळाशी होती, कुणाला दिसण्यासारखी नव्हती.

"खोकल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"'शेजारी'ने," बाई हळू आवाजात म्हणाली. "दर थंडीत महिनाभर होतो त्याला. तुमच्या यजमानांनाही होतो वाटतं?"

"थंडीत कुणाला होत नाही?" तिने सारवासारव केली.

'शेजारी' या टोपणनावाने कुणीतरी ब्लॉग लिहीत असे. ज्यांना घरातून नेलं आणि परत आणलं नाही, त्यांच्याविषयी. सरकारने तो चार वेळा बंद केला, चारही वेळा तो दुसऱ्या पत्त्यावर उगवला. आता संशय चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या तिच्या नवऱ्यावर होता, आणि संशय खराच होता. पण पुरावा नव्हता. ही बाई त्या कचेरीतली वाचनीस, तिचं काम फक्त वाचायचं. लिहिणारा हाच, असा अहवाल तिने दिला की नवऱ्यावर खटला, आणि मग किती वर्षं ते देव जाणे.

"चार वर्षं वाचतेय मी," वाचनीसबाई कपड्यांची यादी करता करता म्हणाली. "दोनशे चौदा लेख. भावाचा लेख आला त्या दिवशी माझा डबा तसाच परत गेला बघा."

"कुठल्या भावाचा?"

"शेजारीच्या मोठ्या भावाचा. त्याला नेला तेव्हा हा तेरा वर्षांचा. दाराआड उभा, हातात भावाची एक चप्पल. दुसरी भावाच्या पायात राहिली." बाईने मान वर केली. "तुम्ही नाही वाचलंत?"

तिचा दीर तापाने गेला होता. सोळा वर्षं तिला तेवढंच माहीत होतं. त्याच्या फोटोला ती रोज सकाळी फूल वाहत होती, आणि त्या चपलेचं या परक्या बाईला माहीत!

रस्ताभर तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. नवरा आत आहे, जिवाचं काय होईल सांगता येत नाही, आणि आपल्या पोटात दुखतंय ते भलत्याच गोष्टीने, याची तिला लाजही वाटत होती. पण दुखायचं काही थांबेना. बाई दिसायला कशी होती? साधीच. कोटाच्या बाहीची दुमड उसवलेली. एवढंही शिवून घेता येत नाही, आणि चालली दुसऱ्याच्या नवऱ्याचा खोकला विचारायला!

घरी आल्या आल्या तिने नणंदेला गाठलं. "मला ब्लॉग दाखव. सगळा."

"बंद आहे ना तो, वहिनी."

"तुझ्या दादाची बहीण आहेस, मला शिकवू नकोस."

नणंद हसली आणि आडवाटेने तो उघडून दिला. "पासवर्ड पण आहे माझ्याकडे. दादानेच दिलाय."

"तुला दिला? आणि मला नाही?"

"तुम्ही कधी मागितलात? ब्लॉगचं नाव काढलं की तुम्ही मशीन सुरू करायचात. घरर्‌ घरर्‌. दादा म्हणायचा, ही माझी सेन्सॉर."

ते खरंच होतं. भीती वाटायची म्हणून ती वाचत नसे. घरात शिवणकामाचं मशीन होतं, त्याच्या आवाजात बरंच काही ऐकू येत नसे. आता दोन दिवस मशीन बंद ठेवून तिने वाचलं. नवरा इतकं बोलू शकतो हेच तिला ठाऊक नव्हतं. जेवताना "मीठ दे" याच्यापुढे न जाणारा माणूस! हरवलेल्यांच्या आया, बायका, बहिणी, एकेकीची किती माया त्याला. कुणाच्या अंगणातली खुर्ची, कुणाचा फुटलेला चष्मा. वाचताना तिचे डोळे भरत होते आणि तरी ती एकच गोष्ट शोधत होती. दोनशे चौदा लेखांत ती नव्हती. मशीन नव्हतं, दोऱ्याचं रीळ नव्हतं, चुलीवरचा चहासुद्धा नव्हता. जणू हा माणूस एकटा, लॉजवर राहत होता.

"सगळ्या गावच्या बायका आहेत यात," ती नणंदेला म्हणाली. "एक मीच तेवढी नकोशी."

"वहिनी, दादा आत आहे आणि तुम्ही काय मोजताय?" नणंद चिडली. मग बोलता बोलता थबकली. "एक सांगू? तो आत असताना नवा लेख आला तर? मग शेजारी बाहेरच आहे असं होईल की नाही?"

"ती बाई ओळखेल. तिला त्याचा खोकलासुद्धा ऐकू येतो."

"मग ओळखणार नाही असा लिहायला हवा."

"मी लिहिते," ती म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं. त्यात नवऱ्याची काळजी किती आणि त्या बाईला तोंडावर पाडायची हौस किती, हे तिने मनाला विचारलं नाही.

तिने लिहिलं ते तिच्याकडे येणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं. त्या बाईचा नवरा पाच वर्षांपूर्वी नेलेला. दर वर्षी ती त्याचा कोट घेऊन येते आणि सांगते, बोटभर आत घ्या, तिथे खायला काय मिळत असेल, वाळला असेल. पाच वर्षांत पाच बोटं. पण शिवणारी कधी कापड कापत नाही, सगळं आत दुमडून ठेवते. माणूस घरी आला, चार घास जेवला, की पुन्हा सोडायला नको का? तिने त्याच्यासारखी छोटी वाक्यं लिहिली, त्याच्यासारखं शेवटी रागावलीही नाही. सकाळी नणंदेने तो लेख चढवला. दुपारपर्यंत हजारो लोकांनी वाचला.

तिसऱ्या दिवशी कचेरीतून बोलावणं आलं. या वेळी खिडकी नव्हती, आतली खोली होती. वाचनीसबाईने दार लावलं आणि लेखाचा कागद टेबलावर ठेवला.

"वाचलात?"

"नाही बाई. मी वाचत नाही."

"काचा घासणाऱ्याला," बाई शांतपणे म्हणाली, "आत घेतलेलं कापड न कापता दुमडून ठेवतात, हे कसं माहीत?"

अख्ख्या लेखातून हीच एक ओळ हिने नेमकी उचलावी! आपण हौसेने लिहायला गेलो आणि नवऱ्याच्या गळ्यात धोंडा बांधला. ती हात जोडू लागली, पण बाईने ते धरून खाली केले.

"पहिल्याच महिन्यात मला कळलं होतं, याच्या घरी कुणीतरी आहे," बाई म्हणाली. "माणूस सगळ्यांच्या घराबद्दल लिहितो आणि स्वतःच्या घराभोवती इतकं जपून वळसा घालून जातो. एक सुई सापडू दिली नाही त्याने आम्हाला. चार वर्षं मी तुम्हाला शोधत होते. खरं सांगू? हेवा वाटायचा मला. माझ्याबद्दल कुणी एवढं जपून गप्प बसलेलं नाही."

इतक्या दिवसांचा जळफळाट असा समोरून बोलू लागला, की त्याच्याकडे बघवेना.

बाईने अहवालाचा कागद ओढला. "मागचे दोनशे चौदा आणि हा, लिहिणारा एकच," असं मोठ्याने म्हणत तिने लिहिलं आणि सही केली. "आता हा लेख आला तेव्हा तुमचे यजमान कोठडीत होते. म्हणजे ते नव्हेत. पण ताई, पुन्हा लिहू नका. दुसरा लेख दुसऱ्या टेबलावर गेला तर तिथे मी नसेन."

"तुमच्यावर आलं तर?"

"मी वाचण्यात चुकले, एवढंच होईल." बाई कागद घडी करत होती. उसवलेली बाही टेबलाच्या कडेला अडकली.

"तो कोट द्या इकडे," ती म्हणाली. सुईदोरा पिशवीत असायचाच. तिने बाहीला चार टाके घातले. दोरा दातांनी तोडताना तिच्या मनात आलं, हिचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत. आणि त्याच दमात हेही आलं, की उद्या तो घरी येईल, परवा लिहायला बसेल, आणि ते सगळ्यात आधी वाचेल ही.

नवरा आला तो निम्मा होऊन. शर्ट खांद्यावरून ओघळत होता. नणंदेने त्याला लेख दाखवला. तो वाचत राहिला, मग मशीनकडे पाहिलं, मग बायकोकडे. म्हणाला काहीच नाही. मीठ मागणाऱ्या माणसाकडून आणखी काय होणार!

चौथ्या दिवशी सकाळी त्याने वही उघडली, तशी ती मशीन थांबवून समोर येऊन बसली.

"आजपासून आधी मला वाचून दाखवायचं. कागदावर उतरलं की लगेच."

"तुला भीती वाटते ना?"

"वाटते. तरी आधी मला."

"कुणाच्या आधी?"

दिराच्या फोटोवरचं कालचं फूल काढून ती म्हणाली, "लिहिणं नंतर. आधी त्या चपलेचं सांगा. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."