महालक्ष्म्या हलणार नाहीत

साहेब, पाणी आभाळातून पडलं हे खरं, पण आमच्या पाऱ्यात, आमच्या वस्तीत, ते तुम्ही शिरवलं. तलावाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात सांडवा होता. तलाव भरला की जास्तीचं पाणी तिथून नाल्यात निघून जायचं. तुम्ही त्या सांडव्यावरच भिंत घातली, फिरायला फरशीची वाट केली, भिंतीवर फायबरची दोन बदकं बसवली आणि फीत कापून गाडीत बसलात. पाण्यानं जायचं कुठून, हे विचारायची बुद्धी एकालाही झाली नाही.

ते पाणी रूपालीच्या घरात शिरलं, आणि तेही भाद्रपदात, महालक्ष्म्या जेवायच्या दिवशी. पाऊस कालपासून दम घेत नव्हता. चुलीवर सोळा भाज्या, परातीत पुरण, आणि उंबऱ्यावरून तांबडं पाणी बिनबोभाट आत सरकत होतं.

नवरा शिशिर नव्या रायपुरात ऑफिसात होता. फोनवर म्हणाला, "आईले घेऊन माझ्या बहिणीकडे, चित्राताईकडे जाय. इथं तर रस्ता कोरडा पडून राहिला."

"ठेवा तुमचा रस्ता तुमच्यापाशी! महालक्ष्म्यांचं काय करू?"

"त्यायलेही उचल."

सासूबाईंनी, मंदाकिनीबाईंनी, फोनच हिसकावला. "काय म्हणालास? विसर्जनाच्या आधी जागच्या हलवू? माझ्या सासूनं नागपूरवरून आणलेल्या महालक्ष्म्या हायत ह्या. पळायचं तर तू पळ!" आणि फोन बंद करून त्या देवीसमोर ठाण मांडून बसल्या.

पाणी महालक्ष्म्यांच्या निऱ्यांपासून वीतभरावर आलं होतं. सासूबाई उठणार नव्हत्या, देवी हलणार नव्हत्या. रूपालीच्या डोक्यात एकदम वीज चमकली.

"बसा तुम्ही, आई. मी पाण्यालेच हलवून येतो."

पदर खोचून ती बाहेर पडली. शेजारचा दयाराम तंबू-मंडपाचं काम करायचा. तो खुर्च्या गच्चीवर चढवत होता.

"दयाराम भैया, सब्बल आहे का, पहार?"

"हव दीदी. का करहू?"

"तलावाची भिंत फोडतो."

"सरकारी दीवार हे, दीदी!"

"मग हे पाणीही सरकारीच. ज्याचं त्याले वापस करून येऊ!"

दयाराम खदखदून हसला आणि दोन सब्बली घेऊन निघाला. गुडघाभर पाण्यातून जाताना मागं माणसं जमत गेली.

भिंतीपाशी पोचल्यावर रूपाली थिजली. अलीकडे तलाव काठोकाठ, आणि पलीकडे नाला जवळजवळ रिकामा! तळाशी घोटाभर पाणी. तिचं डोकंच फिरलं. तिनं फरशीवर उभं राहून सब्बल हाणली. तिसऱ्याच घावाला वीट निसटली. ठेकेदारानं सिमेंट खाल्लं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं ठेकेदाराला दुवा दिला.

फटीतून धार सुटली.

"हटो दीदी!" दयारामनं तिचा दंड धरून मागं ओढलं. पुढच्याच क्षणी भिंतीचा तुकडा धडाडून कोसळला, आणि पाणी असं गर्जत नाल्यात उतरलं की पाराभर शिट्ट्या वाजल्या. एक बदक पाण्यावर डुलत निघालं. गच्चीवरून कुणी ओरडलं, "अरे, साहेबाचं बदक चाललं रे नोकरी सोडून!" बाया थाळ्या बडवत होत्या. भिजलेली रूपाली वेड्यासारखी हसत होती.

ती घरी आली तेव्हा पाणी उंबऱ्याबाहेर गेलं होतं. निऱ्यांचे काठ ओले झाले होते, तेवढंच. सासूबाईंनी नैवेद्य दाखवला. आरती संपते न संपते तोच दारात जीप थांबली. रेनकोटातला तुमच्या खात्याचा एक माणूस आत डोकावला.

"दीवार किसने तोड़ी? सरकारी संपत्ति है."

"आज दारी आलेलं माणूस उपाशी जात नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "रूपाली, पान वाढ त्याले."

रूपालीनं पान वाढलं, पण पाट मांडला नाही. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"मी फोडली. लिहून घ्या, रूपाली. पण सांडवा बंद करा, असा हुकूम कोणी दिला? त्याचं नाव सांगा. भाऊ, मान खाली काहून घालून राहिले? पुरण थंड होऊन राहिलं. बोला, कोणी दिला?"