धुरपताबाईच्या पाच वाट्या

"इश्वरभाऊच्या घरी तुह्यं सीताफळ पास झालं तं ठीक. नाही तं तो खण मी कंपनीच्या चॉकलेटले देतो," वीरेंद्र बायकोला, खुशबूला, म्हणाला आणि डबे पिशवीत भरू लागला.

सानगडीत त्यांचं आइसक्रीमचं दुकान. फ्रीजरचे पाच खण. चारांत कंपनीचा माल, पाचव्यात खुशबूनं घरी केलेलं सीताफळ. वीरेंद्र वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. हा बायकोच्या मेहनतीला हौस म्हणायचा, तेही प्रेमानं. त्याचं काय करावं?

इश्वरच्या पोरीचं, गुंजनचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आठ दिवसांवर होतं. जेवायला तीनशे पान आणि शेवटी एकच आइसक्रीम. कोणतं, ते चाखून ठरणार होतं. कोणतं कोणी केलं ते खुशबूनं सांगायचं नाही, ही वीरेंद्रची अट. तो दुकानात थांबला, डबे घेऊन ती इश्वरच्या घरी आली.

गुंजननं मोबाइलवर मार्क लिहायला घेतले. "बटरस्कॉच दहा. काय कुरकुरते! राजभोग आठ. आंबा सात. पिस्ता सहा."

"आन् हे?" इश्वरनं चमचा चाटत विचारलं.

"सीताफळ? चार. फोटोत मळकट दिसन, बाबा."

"हाव, मळकटच हाय," इश्वर म्हणाला. पाचही चवी त्यानं दोन मिनिटांत गिळल्या होत्या. घाईनं गिळणाऱ्याला जीभ देवानं कायले दिली, कोण जाणे.

खुशबू खाली मान घालून डब्यांची झाकणं लावत राहिली. गेला तिचा खण.

"माय कुठं गेली?" इश्वरला आठवलं.

त्याची म्हातारी आई, धुरपताबाई, दारापुढच्या ओट्यावर बसली होती. तिच्या वाटणीच्या पाच वाट्या समोर उन्हात ओळीनं मांडलेल्या. गुंजन कपाळावर हात मारून हसली. "आजी, आइसक्रीम कोणी उन्हात वाळू घालते का वो?"

"माही दाढ ठणकते थंडानं. आन् थंडाची काय चव पाह्यची? थंड तं मटक्यातलं पाणी बी रायते. वितळू दे."

या म्हातारीला हसणं सोपं होतं. पण कापणी झाली की अर्धं गाव मूठभर धान घेऊन तिच्याकडं येई. ती एक दाणा पुढच्या दातांत फोडी आणि सांगे, अजून दोन उन्हं दे. तिचं ऐकलं नाही त्याच्या धानाला बुरशी लागे. शाळा तिनं पाहिली नव्हती, आणि शाळेचं त्यात नुकसानच झालं.

अर्ध्या तासानं तिनं सगळ्यांसमोर वाट्या एकेक तिरप्या केल्या.

"हे पाय. इतकं ऊन खाल्लं तरी फुगून बसलं हाय, साबणाच्या फेसावानी. हे बी. हे बी." बोट बुडवून चाटलं. "आंब्याचा वास हाय, आंबा नाही. राजभोगात इलायची खरी हाय, दूध मातर नाही, तेल हाय. टाळूले चिकटते."

इश्वरनं डबा फिरवून पाहिला. मुंगीएवढ्या अक्षरांत खरंच लिहिलं होतं, वनस्पती तेल.

पाचव्या वाटीत मात्र फेस नव्हता. रबडीसारखं दाट दूध, त्यात गराच्या पाकळ्या. म्हातारीनं चाटलं, डोळे मिटले, पुन्हा चाटलं.

"म्हशीचं दूध. बुडाले जरासं लागलं होतं, पण करणारीनं खरवडलं नाही. अल्लद दुसऱ्या गंजात ओतलं. आन् गर दूध निवल्यावर टाकला. कढतात टाकला असता तं कडू झालं असतं. हे हात शहाणे हायेत."

खुशबूनं मान वर केली. काल सकाळी त्या पातेल्यात, गंजात, दूध लागलं तेव्हा स्वयंपाकघरात ती एकटीच होती. दुकानाच्या तीन वर्षांत तिच्या हातांबद्दल कोणी एक शब्द काढला नव्हता, आणि ही बाई एका बोटावर तिची सगळी सकाळ वाचून मोकळी झाली.

"पयला नंबर हा," धुरपताबाई म्हणाली. "पण साखर जास्त. सीताफळावर भरोसा नाही का तुह्या, पोरी?"

"तुमाले कसं समजलं मी केलं म्हणून?"

"बाकीच्यायले नावं ठेवली तवा तू हसली. याची चव घेतली तवा तुह्या श्वास अटकला."

गुंजननं सीताफळाचे उरलेले दोन चमचे, या वेळी हळूहळू, खाल्ले आणि मोबाइलमधले मार्क पुसले. इश्वरनं वीरेंद्रला फोन लावून निकाल सांगितला.

"भाऊ, तीनशे पान घरच्या गंजावर होत नाही," फोनमधून वीरेंद्रचा आवाज आला. "हौसेचं काम हाय ते. बटरस्कॉच घ्या."

खुशबूनं फोन हातात घेतला. "होते. साखर कमी करून होते. उद्यापासून मी दुकानात येत नाही, मी गंजावर रायतो. आन् हौस म्हणाचं नाही आता."

पलीकडं वीरेंद्रनं हिशोबाची वही ओढल्याचा आवाज आला.

"सीताफळं किती टोपल्या आणू?"