वाळूवरचं लॉक

इंग्लंडमधल्या बॉस्टनहून विस्बेचला कालव्यांनी फिरून जायचं तर कित्येक आठवडे आणि शंभरावर लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वरखाली करणारे दारांचे हौद. समुद्रातून गेलं तर एक दिवस. समुद्रातून जायचं मीच ठरवलं, त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

आमची बोट सत्तावन्न फूट लांब, सात फूट रुंद आणि बुडाला सपाट. कालव्यात ती छान दिसते. समुद्रात तिचं काही काम नाही, हे मलाही कळतं. पण हेडलीला, माझ्या नवऱ्याला, आता लॉकवर सोडता येत नव्हतं. चाळीस वर्षं आमची वाटणी ठरलेली. मी सुकाणू धरायचं. त्याने लोखंडी हँडल खांद्यावर टाकून काठाने पुढे चालत जायचं, ते फिरवून लॉकच्या झडपा उघडायच्या, दार लोटायचं आणि माझी वाट बघायची. बोट आत घेतली की मी एक लांब भोंगा द्यायचा. तो ऐकला की पठ्ठ्या पुढच्या लॉककडे चालायला लागायचा. गेल्या वर्षापासून मात्र तो दोन्हीकडच्या झडपा एकदम उघडायला लागला. एकदा बोट बुडता बुडता राहिली. कधी कधी माझं नावही त्याला आठवत नसे. मुलगी विस्बेचला राहते. तिच्या शेजारी बोट लावायची आणि दोघींनी मिळून त्याला सांभाळायचं, एवढाच माझा बेत होता.

वाटाड्या म्हणून पेसीला घेतलं होतं. जन्मभर याच पाण्यात शिंपले काढलेला माणूस. ओहोटी लागली तशी त्याने बोट एका वाळूच्या दांड्यावर नेऊन टेकवली. इथे सगळेच तसं करतात. पाणी उतरतं, बोट कोरडी बसते, आणि भरती आली की विस्बेचकडे जाणाऱ्या नदीत शिरायचं. तोवर माणसं शिडीने उतरून वाळूवर फिरतात. आम्ही बोटीवर बसून चीजचं सँडविच खाल्लं. पलीकडे सील लोळत होते. हेडली त्यांना "आळशी लेकाचे" म्हणून हसत होता. मी त्याला इतकं खुशीत कितीतरी दिवसांनी बघत होते.

दोनच्या सुमाराला धुकं उतरलं.

"आता कुणी खाली उतरायचं नाही," पेसी म्हणाला. "तासाभरात पाणी येईल. आणि इथलं पाणी समोरून येत नाही, मागून घेरतं."

मी चहा ठेवायला आत गेले. दोन मिनिटं, जास्त नाही. बाहेर येऊन बघते तर पेसी इंजिनात डोकं घालून बसलेला, आणि हेडली नाही. खुंटीवर हँडलही नाही.

"हेडली!"

धुक्यातून आवाज आला. खटक्, खटक्, खटक्. लॉकची झडप वर घेताना दातेरी चाक वाजतं, तो आवाज. झोपेतही ओळखेन मी तो. चहूकडे नुसती वाळू, आणि तिथे कुणीतरी लॉक उघडत होतं.

पेसीने इंजिनातून डोकं वर काढलं. "काय वाजतंय ते?"

"लॉक."

"इथे?"

"मला काय विचारतोस? समुद्र तुझा आहे."

"भोंगा द्या बाई! त्या रोखाने येईल तो."

मी दिला, चांगला लांबलचक. खटखट थांबली. ओल्या वाळूवर पावलं वाजली आणि दूर गेली. जरा वेळाने खटखट पुन्हा सुरू झाली, आणखी लांबून. पेसीने पुढे होऊन पुन्हा भोंगा दिला. पुन्हा पावलं, पुन्हा दूर.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. भोंगा म्हणजे "ये" नव्हे. भोंगा म्हणजे बोट आत आली, तू पुढे हो. मी माझ्या हाताने नवऱ्याला समुद्रात हाकलत होते.

"हात काढ," मी पेसीला म्हणाले. "भोंगा नको. तोंडही बंद ठेव."

"वेड लागलंय का? पाणी आलं बघा!"

"बोट आली नाही की काय अडलंय ते बघायला तो मागे येतो. शिव्या देत येतो. चाळीस वर्षं येतोय."

आम्ही गप्प बसलो. मी तोंडात फडकं कोंबलं होतं, नाहीतर हाक मारली असती. पाणी शिडीच्या पहिल्या पायरीला लागलं, मग दुसऱ्या. मी देवाला मानत नाही, पण त्या वेळी त्याला भरपूर शिव्या घातल्या.

"अगं ए! सुकाणूवर झोप लागली का तुला?"

कमरेएवढ्या पाण्यातून हेडली आला, हातात हँडल. पेसीने त्याला कॉलर धरून वर ओढलं. मी त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले, रडले, घोंगडीत गुंडाळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, परक्या बाईकडे बघावं तसं, अगदी सभ्यपणे.

"आभारी आहे हं. पण इतक्यात निघू नका. माझी बायको तिकडे आहे."

"हेडली, मी इथे आहे. मी थेल्मा."

तो हसला. "चेष्टा करू नका बाई. थेल्मा सव्वीसची आहे. दार धरून उभी आहे बिचारी. पोहता येत नाही तिला."

हँडल त्याच्या मांडीवर होतं, पाणी निथळत होतं. आणि धुक्यात खटखट चालूच होती.

पेसीने ती ऐकली. माझ्याकडे न बघता त्याने इंजिन चालू केलं. बोट हलली, तरंगली. हेडली उठायला लागला. अंगात अजून बैलाची ताकद. मी त्याच्या पायांवर बसले.

"ती पुढे गेलीय," मी म्हणाले. "पुढच्या लॉकला भेटेल."

"नक्की?"

"नक्की."

तो शांत झाला. मला तिचा इतका राग आला, जितका कुठल्याच बाईचा कधी आला नव्हता. तेवढ्यात खटखट थांबली, आणि धुक्यातून माझ्याच आवाजात, तरण्या आवाजात, कुणीतरी हाक मारली.

"हेडली!"

मी दोन्ही हातांनी त्याचे कान दाबून धरले. विस्बेच येईपर्यंत सोडले नाहीत.