निकेत ऑफलाइन

शेवंतीने जन्मात टीव्हीचा रिमोट धड हाताळला नव्हता, पण पोटच्या पोरासाठी बाई साठीला टेकल्यावर कॉम्प्युटर शिकली. मुलगा निकेत मस्कतला. फोन लावला की म्हणायचा, कामात आहे, शुक्रवारी सुट्टी असते, मेसेंजरवर ये. म्हणून दर शुक्रवारी ती नवघर रोडच्या सायबर कॅफेत जाऊन बसायची. तिथे कामाला असलेल्या संजनाने, तिच्या भाचीनेच, तिला सगळं शिकवलं. लॉग-इन, पासवर्ड, लेफ्ट क्लिक, राइट क्लिक. नावापुढचा दिवा पेटला की माणूस ऑनलाइन, विझला की ऑफलाइन.

निकेतचा दिवा कायम विझलेला. शेवंती एका बोटाने लिहून ठेवायची, बाबांना तुला कॅमेऱ्यात बघायचंय. पुढच्या शुक्रवारी उत्तर येऊन पडलेलं असायचं, नेट स्लो होतं गं आई.

नेटच मेलं कुचकामी, असं म्हणत ती घरी यायची. घरी नवरा, राघो, पांढरा शर्ट घालून तयार. अर्धांगवायूने एक बाजू गेलेली, पण शुक्रवारी तो शेजाऱ्याकडून दाढी करून घ्यायचा. निकेत दिसला की शेवंती रिक्षा पाठवणार आणि त्याला कॅमेऱ्यासमोर नेणार, असं ठरलं होतं. रिक्षा काही यायची नाही. तो बिचारा शर्ट न काढताच झोपायचा.

एका शुक्रवारी मालक बाहेर गेला, तेव्हा संजनाने शेजारच्या मशीनवर स्वतःचं मेसेंजर उघडलं. शेवंतीने सहज मान वळवली. संजनाच्या यादीत निकेतचा दिवा ढळढळीत पेटलेला होता. शेवंतीच्या स्वतःच्या यादीत तो विझलेलाच.

"असं कसं गं?"

संजनाने घाईघाईने मेसेंजर बंद केलं. शेवटी तिने सांगितलं, की नावावर राइट क्लिक करून एकाच माणसापुरतं ऑफलाइन दिसता येतं. तो माणूस लिहितो ते सगळं वाचता येतं, फक्त आपण आहोत हे त्याला कळत नाही.

शेवंती उठून घरी गेली. राघोला म्हणाली, आजही नेट स्लो होतं. त्याच आठवड्यात राघो गेला. दिराने अग्नी दिला. निकेतला फोन लावा म्हणून सगळे मागे लागले, तर ती म्हणाली, त्याला मीच कळवणार, मध्ये कुणी पडायचं नाही.

सुतकात बाई कॅफेत निघाली म्हणून चाळीतल्या बायकांनी नाकं मुरडली. मुरडू देत. तिने लॉग-इन केलं आणि बघते तर निकेतचा दिवा पेटलेला. गेल्या शुक्रवारी शेवंतीची पाठ वळताच संजनाने त्याला चांगलं फैलावर घेतलं होतं. लगेच त्याचं लिहिणं आलं.

"आई, चुकलो. बाबांना आण ना. कॅमेरा लाव, बघतो त्यांना."

शेवंतीला भडभडून आलं. लेकरूच ते शेवटी. बोट अक्षरांवर घुटमळलं. मग तिला तो पांढरा शर्ट आठवला. त्याच शर्टात राघोला नेलं होतं.

तिने एकेक अक्षर शोधून लिहिलं, "नेट स्लो आहे."

"मावशी, अगं बाप आहे त्याचा," संजना रडत म्हणाली. "सांग त्याला."

"कळेल कधीतरी," शेवंती म्हणाली. "आता मला त्याच्यापुरतं ऑफलाइन करून दे."

संजनाने माऊसला हात लावला नाही. तेव्हा शेवंतीने स्वतःच लेकाच्या नावावर राइट क्लिक केलं.